भागाकार असेंब्लीत लिहू नका, आधी तो हटवा

तुमची अडचण थोडक्यात अशी: १६ मेगाहर्ट्झचा एटीमेगा३२८ मायक्रोकंट्रोलर, टायमर इंटरप्टमध्ये (टायमर मुख्य काम थांबवून मध्येच चालवतो त्या कोडमध्ये) एडीसीचं, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचं, रीडिंग ५००० ने गुणून १०२३ ने भागायचं, मग मिलिव्होल्टचे चार अंक सुटे करायचे. इंटरप्ट वेळेत संपत नाही, म्हणून भागाकाराचं रुटीन असेंब्लीत, म्हणजे थेट चिपच्या सूचनांत, लिहायचं मनात आहे. एवढ्यात नको.

या चिपला भागाकाराची सूचनाच नाही. लायब्ररीतलं रुटीन शाळेतल्यासारखा लांब भागाकार करतं, एका फेऱ्यात एक बिट. १०२३ गुणिले ५००० सोळा बिटांत मावत नाही, म्हणजे ३२ फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यात चार-चार बाइट सरकवणं, ताडून बघणं, वजा करणं. सोळा बिटांत फेरे निम्मे आणि बाइटही निम्मे, म्हणजे काम साधारण चौथाई.

पहिली गोष्ट, १०२३ सोडा. डेटाशीटच्या सूत्रात १०२४ च आहे. ५०००/१०२४ म्हणजे १२५०/२५६. रीडिंगला १२५० ने गुणा आणि खालचा बाइट टाकून द्या. संपलं. ६२५ ने गुणून सात बिट सरकवलं तरी उत्तर तेच, पण एव्हीआर (या चिपचं कुटुंब) एका वेळी एकच बिट सरकवतो, त्यामुळे बाइट टाकणं स्वस्त.

अंकांसाठी दहाने भागायचं तर ५२४२९ ने गुणून १९ बिट उजवीकडे सरकवा. सोळा बिटांच्या कुठल्याही संख्येला हे बरोबर येतं. आठ बिटांसाठी २०५ ने गुणून ११ बिट. ५२४२९ चा गुणाकार चिन्हरहित (अनसाइन्ड) ३२ बिटांतच करा. बाकीसाठी पुन्हा भागू नका, भागाकाराची दहापट मूळ संख्येतून वजा करा.

स्थिरांक कुठून तरी उचलून मात्र वापरू नका. मी एकदा १०३ आणि १० ही जोडी वापरली होती. काउंटर १७८ पर्यंत छान चालला आणि पुढच्या आकड्याला डिस्प्लेवर '१८' आणि शेजारी तिरपी रेघ! १७९ ला भागाकार १८ निघत होता, बाकी उणे एक, आणि आस्कीत (अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात) शून्याच्या आधीचं अक्षर तिरपी रेघ. पुढे १८९, १९९ असे २४९ पर्यंतचे नवाने संपणारे सगळे आकडे चुकत होते, बाकीचे ठीक. माझी चाचणी शंभरावर थांबली होती. आता पीसीवर सगळ्या ६५५३६ किमती तपासतो. डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं.

एटीटायनी८५ या छोट्या एव्हीआर चिपवर हार्डवेअर गुणाकारही नाही. तिथे १०००, १००, १० सरळ वजा करत मोजा. एका अंकाला फार तर नऊ वजाबाक्या. आणि अंक सुटे करायचं काम इंटरप्टमध्ये कशाला? ते मुख्य लूपमध्ये न्या.

भाजक स्थिर नसेल, उदाहरणार्थ दोन पल्समधल्या वेळेवरून आरपीएम (मिनिटाला फेरे) काढायचा असेल, तर यातलं गुणाकाराचं काहीच चालणार नाही. तिथे आधी आकडे सोळा बिटांत बसवता येतात का ते बघा. तेवढ्याने भागलं नाही, तर असेंब्ली उघडा.