सहाशे चित्रं आणि एक ट्रेसिंग पेपर

नौपाडा, ठाणे
रविवार

अगं पोरी,

परवा गडकरी रंगायतनच्या कट्ट्यावर तू फोन माझ्या हातात दिलास आणि मी तू साठवलेलं एकेक चित्र सरकवत राहिले. सहाशेच्या वर भरली ती. पोलंडची पोस्टरं, जपानी पुडक्यांवरची वेष्टनं, कुणाची तरी जाडजूड मांजरं. ‘मॅडम, एवढं बघते, पण कागद समोर घेतला की हातच चालत नाही,’ असं तू म्हणालीस. तेवढ्यात तिसरी घंटा झाली, आपण आत पळालो आणि बोलणं तिथेच राहिलं.

आत शिरताना मी तुला डोळे मिटून त्यातली चित्रं आठवायला सांगितलं होतं. तू चार सांगितलीस. दोन चित्रांचे रंग सांगता आले, एकाचा आकार. वाईट वाटून घेऊ नकोस, माझंही तेवढंच झालं असतं. आमच्याकडे फोन नव्हता, पण हावरटपणा होता. मी मासिकांची पानं कापून चपलांच्या खोक्यांत भरून ठेवायचे. तशी अकरा खोकी झाली होती. माळ्यावर वाळवी लागली तेव्हा कळलं की त्यातलं एकही पान मी दुसऱ्यांदा उघडलेलं नव्हतं.

१९८३ साली मी फोर्टमधल्या एका छोट्या जाहिरात संस्थेत पेस्टअप करायचे, म्हणजे छपाईआधी अक्षरं आणि चित्रं कागदावर चिकटवून जाहिरात जुळवायचे. ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावर काढलेला मजकूर, कापायचं, रबर सोल्यूशनने चिकटवायचं, वाळलेलं सोल्यूशन बोटाने चोळून गोळ्या काढायच्या. डोळ्यांसमोर देव एकच होते, नाटकांच्या नावांची अक्षरं काढणारे कमल शेडगे. वर्तमानपत्रात नाटकांचं पान उघडलं की आधी त्यांची अक्षरं दिसायची आणि मग नटांची नावं. शोकांतिका आहे की फार्स, हे नावाच्या वळणावरूनच कळायचं. तर एका हौशी संस्थेच्या नाटकाचं नाव करायचं काम माझ्याकडे आलं. रात्रभर बसून मी ते अगदी शेडग्यांसारखं केलं. निर्माते गृहस्थ चष्मा वर सारून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘आहे शेडग्यांचंच. फक्त त्यांनी केलेलं नाही.’

घरी येताना गाडीत रडले मी. मुलुंड गेल्यावर जरा शांत झाले आणि पहिल्यांदा डोक्यात आलं की आपण त्यांचं वळण उचललं, पण ते वळण तसं का आहे हे कधी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या एका जाहिरातीवर ट्रेसिंग पेपर ठेवला. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. बारीक रेघ जाड होते आणि ‘ष’ किंवा ‘क्ष’ची गाठ भरून नुसता ठिपका उरतो. त्यावर गाडीच्या धक्क्यात, हातभर लांबून, दोन इंचांच्या चौकटीत ते नाव वाचता यायला हवं. मला जी शैली वाटत होती, तिच्यातला निम्मा भाग या अडचणीचं उत्तर होता. अक्षरांची पोटं मोकळी का, शिरोरेघ मध्येच का तोडलेली, एकच काना लांब ओढून बाकीचे आखूड का, हे ट्रेस करताना हाताला कळलं. नुसतं बघताना कधीच कळलं नव्हतं.

म्हणून मी तुला प्रेरणा वगैरे शब्द बाजूला ठेवायला सांगते. चित्र काढणाऱ्यासमोर काय अडचण होती, ते शोध. किती रंग परवडत होते? छपाई धातूच्या ब्लॉकवरून होती की ऑफसेट यंत्रावर? बघणारा उभा होता की चालत होता? हातात एक रात्र होती की महिना? ही उत्तरं मिळाली की तेच चित्र वेगळं दिसायला लागतं.

कॉपी करायला तू घाबरतेस, हेही माझ्या लक्षात आलंय. घाबरू नकोस. आर. के. लक्ष्मण म्हैसूरला लहान असताना वर्तमानपत्रात डेव्हिड लो या परदेशी व्यंगचित्रकाराची चित्रं बघायचे. ‘Low’ ही इंग्रजी सही नीट न वाचता आल्यामुळे बरेच दिवस ते त्यांना ‘Cow’, म्हणजे ‘काऊ’च समजत होते. माणसाचं नाव धड माहीत नाही, पण रेघ पाठ! आणि व्हॅन गॉगने १८८७ साली हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या दोन लाकूडठशांच्या नकला तैलरंगात केल्या, एक पावसातला पूल आणि एक फुललेलं झाड. भोवती जपानी अक्षरांच्या चौकटी काढल्या. ती अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, दुसऱ्या ठशांवरून बघून त्याने ती नुसती रेखाटली. (आपल्याकडे परदेशी पर्यटकांच्या टी-शर्टवर उलटी ‘ॐ’ दिसतात, तशातलाच प्रकार, पण त्याला माफ.) हिरोशिगेचा रंग सपाट, ठशाने बसवलेला. याच्या हातात जाड तैलरंग. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघ. नक्कल जिथे जमली नाही, तिथेच व्हॅन गॉग दिसतो.

हीच गोष्ट मला तुझ्याकडून करून घ्यायची आहे. सहाशेतलं एक चित्र निवड, एकच. ते छापलेल्या आकारात ट्रेस कर. बाजूला पेन्सिलीने लिही की रंग किती, नजर कुठून आत शिरते आणि कुठे थांबते, मोकळी जागा किती सोडलीय. दुसऱ्या दिवशी मूळ चित्र कपाटात ठेव आणि आठवणीतून काढ. भोकं पडतील. कोपर कुठे होतं आठवणार नाही, मागची भिंत आठवणार नाही. तिथे तू तुझ्याकडचं काहीतरी घालशील, ऐरोलीच्या खाडीतला चिखल, तुझ्या आईचा खुर्चीत बसायचा ढंग. मग मूळ चित्र काढून ताडून बघ. जिथे चुकलीस तिथे खूण कर, पण खोडरबर लावू नकोस. सहा आठवडे सहा चित्रांवर असं केलंस, की त्या खुणा एकमेकींसारख्या दिसायला लागतात. ‘माझी स्टाइल कधी सापडेल’ असं तू विचारलंस ना? त्या खुणा मला दाखव, मग बोलू.

चित्रं कुठली निवडायची, यात मी थोडी ढवळाढवळ करणार. तुझ्या फोनमध्ये आपल्या इथलं जवळजवळ काही नव्हतं. होती ती वारली ढंगाची एक टोट बॅग. तिच्यावरची माणसं बाथरूमच्या दारावरच्या चिन्हांसारखी ताठ उभी आहेत. अगं, २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत हे सगळं आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं होतं. डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे इथलेच. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा आणि टोक चावून केलेली बांबूची काडी, एवढंच सामान. लग्नात सुवासिनींनी भिंतीवर काढायचा चौक मशांनी कागदावर नेला आणि रोजचं जगणं त्यात भरलं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की झाला माणूस. पण ते टोक, म्हणजे कंबर, थोडं सरकवलं की माणूस वाकतो, धावतो, तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरतो. बॅगेवाल्याने त्रिकोण घेतले आणि कंबर विसरला. पन्नास माणसं काढ, प्रत्येकाची कंबर वेगळी. मग कळेल किती अवघड आहे ते.

दुसरं, दिवाळी अंक. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ सुरू केला. लोकांना त्यांची मुखपृष्ठं आठवतात, पण मला त्यांची आतली काळ्या शाईची कथाचित्रं जास्त शिकवून गेली. कथा बदलली की हात बदलायचा. त्याच काळातली रघुवीर मुळगावकरांची गुळगुळीत, स्प्रेने केलेली देवदेवतांची चित्रं शेजारी ठेव. दोघंही लोकप्रिय आणि दोघांच्या वाटा इतक्या वेगळ्या! आमच्या कॉलेजात मुळगावकरांचं नाव काढलं की सर नाक मुरडायचे. मीही मुरडलं पाच-सात वर्षं. आता वाटतं, उगाच.

आणि अक्षरांसाठी खाडी ओलांडायचीसुद्धा गरज नाही. अच्युत पालवांची सुलेखनाची शाळा तुमच्या नवी मुंबईतच आहे. जुनी मोडी लिपी वाचता वाचता त्यांनी स्वतःची मुक्तलिपी घडवली. एकदा बोरू धरून बघ. स्क्रीनवर ‘अ’ काढताना हाताला वजन कळत नाही, बोरूचा कोन जरा चुकला तरी लगेच दिसतं. संगणकावर तू जो ‘मंगल’ फाँट बघून कंटाळतेस, तो अक्षररचनाकार र. कृ. जोशींचा. सरकारी परिपत्रकांमुळे त्याची बदनामी झाली, पण जोडाक्षरं कशी बसवलीत ते मोठं करून बघ आणि मग नावं ठेव.

सहाशे चित्रं पुसून टाक असं मी म्हणत नाही. पुसणार नाहीस, मला माहीत आहे. फक्त नवीन भरणं सहा आठवडे थांबव.

येत्या शनिवारी सकाळी ये. ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला उतरलीस की पश्चिमेला बाहेर पड, मी तिकीटखिडकीपाशी असेन. आपण मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊ. १८९३ सालची संस्था आहे, जुन्या दिवाळी अंकांची चौकशी करू. तिथे पुस्तकावर ट्रेसिंग पेपर ठेवून दाब द्यायचा नाही हं, नुसतं बघून वहीत काढायचं. ट्रेसिंगसाठी माझ्याकडचे दोन अंक घरी काढून ठेवलेत, जेवून मग त्यावर बसू. पेपर आणि सेलोटेप माझ्याकडे आहे. टूबी पेन्सिल मात्र तुझी आण, माझ्या सगळ्या नातवाने दप्तरात नेल्यात.

तुझी,
मॅडम