कुंडीतला गुग्गुळ पानं गाळतो तेव्हा

खानापूरच्या एका ताईंचा प्रश्न: "गुजरातहून आणलेल्या गुग्गुळाची पानं डिसेंबरात गळाली. तेव्हापासून रोज तांब्याभर पाणी घालते, पण फूट नाही. आता बूड मऊ लागतंय."

ताई, पाणी आजच बंद करा. गुग्गुळ हा राजस्थान-कच्छच्या कोरड्या रानातला. पावसात पालवतो, पुढं पानं टाकून उन्हाळाभर उघडाच राहतो. त्या दिवसांत पानं नाहीत म्हणजे पाणी ओढणारं कुणी नाही, मग मुळं कुजतात. (मीही एक अडेनियम, म्हणजे जाड बुडाचं शोभेचं झाड, असंच मायेनं मारलंय.)

झाड उपसून माती झटका. याची साल कागदासारखी सुटते. तिच्याखाली नखानं खरवडून बघा, हिरवं दिसलं तर जीव आहे. तपकिरी, कुबट वासाचा भाग धारदार चाकूनं निरोगी गर लागेपर्यंत काढा, जखमेला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा आणि झाड आठवडाभर सावलीत कोरडं ठेवा. हाताला चिकटलेला डिंक नुसत्या पाण्यानं जायचा नाही, आधी खोबरेल चोळा. कुंडी भरायला तुमच्या खानापूरच्या फुटक्या कौलांसारखा माल नाही: कौलांची हरभऱ्याएवढी रोडी दोन वाटे, जाडी वाळू एक, माती एक, शेणखत मूठभर. पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली नको. उजेड भरपूर, पण डोक्यावर छप्पर.

बूड पूर्ण गेलं असेल तर वरच्या निरोगी फांदीचे वीतभर छाट लावा. मात्र काहीजण गुग्गुळ त्याच्या फुगीर बुडासाठी, शोभेला लावतात. तशा बेळगावच्या एका तरुणानं विचारलंय, "छाटाचं रोप बुडाला फुगेल का?" सहसा नाही. तो बुडाचा फुगीर गड्डा बियांच्या रोपाला चांगला धरतो. म्हणून विकत घेताना रोप बियांचं की छाटाचं, हे आधी विचारा. बियांचं रोप पहिली दोन वर्षं मोकळ्या कुंडीत पोसा, मग दर कुंडीबदलाला बोटभर वर उचला, म्हणजे गड्डा मातीवर दिसेल. आयतं जाडजूड झाड स्वस्तात मिळत असेल तर ते रानातून उपटलेलं असू शकतं. आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेच्या यादीत २०१५ पासून गुग्गुळ अतिसंकटग्रस्त आहे. असं झाड घेऊ नका.

अथणीहून एका शेतकरीदादांची विचारणा: "ऊस काढून एकरभर गुग्गुळ लावू का?" दादा, डिंकासाठी खोडाला चिरा देण्याजोगं झाड व्हायला आठ-दहा वर्षं जातात, आणि डिंकाच्या हावेनं जास्त चिरा पडल्या की ते वाळतं. शिवाय उसाच्या काळ्या, भारी रानात पाणी तुंबतं. माळावर मुरमाड तुकडा असेल तर तिथं दहा-वीस रोपं लावून बघा. रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात) याल तेव्हा त्या तुकड्यातली वीतभर खोलीची माती पिशवीत घेऊन या.