आधी इयत्ता ठरवा, मग पदवी
वाचकांचे प्रश्न : शिक्षकी पेशाच्या वाटा

प्रश्न : मी बारावी कला शाखेत ६४ टक्के मिळवून पास झाले. मला सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हायचं आहे. घरचे म्हणतात, आधी बी.ए. आणि मग बी.एड. कर, म्हणजे पहिलीपासून दहावीपर्यंत कुठेही लागशील. हे बरोबर आहे का?
– विद्यार्थिनी, पेडणे

उत्तर : घरच्यांचा हिशोब २०२३ पर्यंत खरा होता. २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीचं दार उघडून दिलं होतं. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं शास्त्र आहे आणि बी.एड.मध्ये ते शिकवलं जात नाही, असा त्यामागचा विचार. तेव्हा बी.ए., बी.एड. करून तुम्ही सहावीपासून पुढे शिकवू शकाल, पण तुम्हाला हव्या असलेल्या वर्गांत नाही.

तुमचा रस्ता डी.एल.एड.चा, म्हणजे प्राथमिक शिक्षणाच्या पदविकेचा. बारावीला किमान ५० टक्के लागतात (राखीव गटांना सवलत असते) आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. गोव्यात तो पर्वरीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डाएटमध्ये चालतो. पुढे टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिला पेपर. केंद्राची सीटीईटी दिलीत तर १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पाच भागांना प्रत्येकी ३० गुण : बालविकास व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित, परिसर अभ्यास. ९० गुणांना खुला उमेदवार पात्र ठरतो आणि प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. भाषांच्या यादीत मराठी आहे, कोंकणी नाही. त्यामुळे आपल्याकडचे बरेच जण मराठी आणि इंग्रजी ही जोडी घेतात. पाठांतरावर विसंबणाऱ्यांचं इथे फसतं. गणितातले ३० पैकी १५ प्रश्न गणिताचे असतात, उरलेले १५ गणित कसं शिकवावं याचे. मूल ४२ मधून १७ वजा करताना ३५ उत्तर काढतं, तेव्हा त्याच्या डोक्यात काय घडलं, अशा धर्तीचे. (त्याने दोन्ही स्थानांवर मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. हे ज्याला दिसतं तो अर्धा शिक्षक झालाच.)

बी.ए. सोडू नका, फक्त क्रम बदला. आधी डी.एल.एड. आणि मग पदवी झाली, तर टीईटीचा दुसरा पेपर देऊन सहावी ते आठवीलाही पात्र व्हाल. नववी-दहावीसाठी मात्र बी.एड.ला पर्याय नाही.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. आपल्या गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच्या, आणि पट घटल्यामुळे कित्येक एकशिक्षकी. तिथे एकाच खोलीत चार इयत्ता सांभाळाव्या लागतात, म्हणून प्रशिक्षणात बहुवर्ग अध्यापनाचा भाग कानाआड करू नका. दुसरी गोष्ट, सरकारी जाहिरातीत कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं असल्यास उत्तम असं लिहिलेलं असतं, आणि पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात. दाखला मामलेदार कार्यालयातून मिळतो. जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो आधीच काढून ठेवा.

प्रश्न : बी.एससी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचं आहे. पदवीच्या नव्या रचनेत चौथं वर्ष करू की तिसऱ्या वर्षी बाहेर पडून बी.एड. करू? एक वर्षाचं बी.एड. पुन्हा येतंय असं ऐकलं.
– विद्यार्थी, फोंडा

उत्तर : ऐकलंत त्याला आधार आहे. एनसीटीईने फेब्रुवारी २०२५ मध्ये जो मसुदा काढला त्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाचं बी.एड. आहे. पण मसुद्याच्या भरवशावर आयुष्याची दोन वर्षं आखू नयेत. प्रवेश घ्याल त्या दिवशी जो नियम लागू असेल तोच तुमचा. आणि बोटांवर मोजून पाहा : तीन अधिक दोन म्हणजे पाच, चार अधिक एक म्हणजेही पाच. फक्त हायस्कूलच गाठायचं असेल तर चौथ्या वर्षाने वेळ वाचत नाही.

उच्च माध्यमिकमध्ये, म्हणजे अकरावी-बारावीला, शिकवायचं मनात असेल तर चित्र बदलतं. तिथे विषयातली पदव्युत्तर पदवी ५० टक्क्यांनी आणि बी.एड. दोन्ही लागतं. चार वर्षांच्या पदवीनंतर एम.एससी. एका वर्षात होण्याची सोय आहे, तेव्हा चौथं वर्ष तिथे कामाला येतं.

तुमच्यासाठी याहून मोठा प्रश्न विषयांच्या जोडीचा. बी.एड.ला अध्यापनपद्धतीचे विषय निवडताना पदवीत काय शिकलात हे पाहतात. हायस्कूलमध्ये विज्ञानाचा शिक्षक भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र तिन्ही शिकवतो, आणि त्याला गणित येत असेल तर मुख्याध्यापक खूश. रसायन मुख्य घेऊन गणित पार सोडून दिलेले पदवीधर मुलाखतीत इथेच अडखळतात. अजून गणिताचा पेपर घेता येत असेल तर घ्या. गोव्यात बी.एड. म्हटलं की पणजीच्या आल्तिनोवरची निर्मला इन्स्टिट्यूट आणि फोंड्याचं डॉ. दादा वैद्य शिक्षण महाविद्यालय ही नावं पुढे येतात. दुसरं तर तुमच्या गावातच. प्रवेशासाठी पदवीला किमान ५० टक्के हवेत (अभियंत्यांना ५५).

प्रश्न : मुलगा बारावी विज्ञानला आहे. चार वर्षांत पदवी आणि बी.एड. एकत्र मिळतं म्हणतात. प्रवेश कसा मिळतो? गोव्याबाहेर पाठवावं का?
– पालक, मडगाव

उत्तर : याला आयटीईपी म्हणतात, एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रम. २०२३-२४ पासून तो सुरू झाला आणि एनटीएच्या (राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या) एनसीईटी या प्रवेशपरीक्षेतून जागा भरतात. १६० प्रश्न, तीन तास : दोन भाषा, तीन विषय, सामान्यज्ञान आणि अध्यापन-कल. बारावीला बसलेले विद्यार्थीही परीक्षा देऊ शकतात. पण अर्जाची मुदत निकालाच्या बरीच आधी संपते आणि बहुतेकांची संधी हुकते ती तिथेच. निकाल हातात आल्यावर चौकशी करणाऱ्याला पुढच्या वर्षीचीच वाट पाहावी लागते.

बाहेर पाठवायची तयारी असेल तर भोपाळच्या क्षेत्रीय शिक्षण संस्थेचा जरूर विचार करा. एनसीईआरटीची, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, ही संस्था पश्चिम विभागासाठी आहे आणि गोवा त्यात येतो. शिकवण्याच्या सरावाची शाळा तिच्याच आवारात आहे.

प्रवेश घेताना फक्त एक गोष्ट एकट्या मुलावर सोडू नका. या कार्यक्रमात कोणत्या इयत्तांना शिकवायचं तो टप्पा आधीच ठरवावा लागतो : पायाभूत, पूर्वतयारी, मध्य की माध्यमिक. सतराव्या-अठराव्या वर्षी केलेली ती निवड पुढे बदलणं कठीण. तसंच कुठलंही खाजगी महाविद्यालय 'चार वर्षांचं एकात्मिक बी.एड.' सांगत असेल तर एनसीटीईचा मान्यता आदेश मागा आणि त्यावर अभ्यासक्रमाचं नाव अक्षरश: तपासा. जुनी बी.ए.बी.एड. आणि बी.एससी.बी.एड. ही नावं आता आयटीईपीत रूपांतरित होत आहेत. जुन्या नावाखाली नवा प्रवेश देणाऱ्याला लेखी विचारायला संकोच करू नका.

प्रश्न : बी.कॉम. झालोय. शाळेत शिक्षक होऊ शकतो का?
– वाचक, डिचोली

उत्तर : माध्यमिकमध्ये वाणिज्य हा विषयच नसल्याने तिथे जागा शोधू नका. एम.कॉम. किमान ५० टक्क्यांनी आणि त्यावर बी.एड. केलंत तर उच्च माध्यमिकच्या वाणिज्य शाखेत वाव आहे. बी.एड.च्या प्रवेशात वाणिज्यवाल्यांना कोणती अध्यापनपद्धती मिळते, हे अर्ज भरण्याआधी महाविद्यालयात विचारा.

प्रश्न : बँकेत नोकरी करते. नोकरी सांभाळून दूरस्थ बी.एड. होईल का? एका संस्थेने 'हजेरीची चिंता नको' असं सांगितलंय.
– वाचक, वास्को

उत्तर : ते वाक्य ऐकलंत तिथूनच मागे फिरा. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठाचं दूरस्थ बी.एड. सेवेत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी, किंवा एनसीटीई मान्यतेचा एखादा शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून पूर्ण केलेल्यांसाठी असतं. बँकेतल्या अनुभवाला तिथे दार नाही. नियमित बी.एड.ला तासांसाठी ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपसाठी ९० टक्के हजेरी लागते. दोन वर्षांत शाळेत किमान २० आठवडे काढावे लागतात, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. सोळा आठवड्यांची रजा कुठली बँक देणार? रजा बिनपगारी मिळणार असेल तरच ही वाट धरा, नाहीतर पैसे आणि वेळ दोन्ही जातील.

प्रश्न : बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे छोट्या सराव पाठात, दरवेळी सहा मिनिटं अपुरी पडतात आणि अभिप्राय येतो, 'कौशल्य दिसलं नाही'. मराठी माझा विषय आहे. नेमकं कुठे चुकतंय?
– प्रशिक्षणार्थी, सांखळी

उत्तर : सहा मिनिटांत धडा शिकवायचा नसतो, एक कौशल्य दाखवायचं असतं. चूक बहुधा इथेच होते. नेहमीचं चक्र ३६ मिनिटांचं : ६ मिनिटं अध्यापन, ६ अभिप्राय, १२ पुनर्नियोजन, ६ पुन्हा अध्यापन, ६ पुन्हा अभिप्राय. मधली १२ मिनिटं सगळ्यात मोलाची असतात, आणि बहुतेक जण ती अक्षर सुधारण्यात घालवतात.

समजा कौशल्य 'प्रश्न विचारणे' आहे आणि आशय विशेषण. व्याख्या फळ्यावर लिहून समजावू लागलात तर चार मिनिटं संपतात आणि प्रश्न उरतात दोन, तेही 'कळलं ना?' अशा जातीचे. त्याला वर्गातून एकच उत्तर येतं, सामुदायिक 'हो'. त्याऐवजी टेबलावर एक शहाळं ठेवा आणि विचारा, 'हे कसं आहे?' हिरवं, जड, गुळगुळीत, थंड. मुलं सांगतील ते शब्द फळ्यावर एकाखाली एक मांडा. मग विचारा, 'हे सगळे शब्द कशाबद्दल सांगतात?' तिसरा प्रश्न : 'यातला कुठला शब्द काढला तर शहाळं सुक्या नारळापासून वेगळं ओळखता येणार नाही?' एवढ्यात पाच मिनिटं होतात आणि व्याख्या मुलांच्याच तोंडून निघते.

मित्राला मागच्या बाकावर बसवून साधी नोंद करायला सांगा : किती प्रश्न विचारले, त्यातले हो-नाहीचे किती, प्रश्नानंतर तुम्ही किती सेकंद थांबलात, किती उत्तरं तुम्ही स्वतःच दिलीत. शेवटचे दोन आकडे बहुतेकांना धक्का देतात. प्रश्न विचारून सेकंदभरात स्वतःच उत्तर देण्याची सवय जवळपास प्रत्येक प्रशिक्षणार्थीला असते. पुनर्नियोजनात एकच गोष्ट बदला : प्रत्येक प्रश्नानंतर मनात पाचपर्यंत मोजा, मगच दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वळा. दुसऱ्या फेरीत मुलांचा गट वेगळा घ्या. त्याच मुलांना उत्तरं आधीच ठाऊक असतात आणि तुमची सुधारणा खोटी दिसते.

पाठ टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) प्रत्येक प्रश्नासमोर अपेक्षित उत्तर लिहिता, त्यात एक रांग वाढवा : अपेक्षित चुकीचं उत्तर. विशेषणाच्या पाठात कुणीतरी 'नारळ' हाच शब्द सांगणार, कुणी 'पितात' म्हणणार. त्याला पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, हे वर्गात सुचत नाही. टाचणात लिहिलेलं असेल तरच जमतं.