जुन्या विमानाच्या पंखावर उभं राहून उडणं साध्या माणसाला जमतं का?

तुम्ही लिहिलंय की वय ५६ आहे, चष्मा आहे, उंचीची भीती वाटते, उन्हाळ्यात मुलीकडे इंग्लंडला जाणार आहात, आणि तिथे जुन्या दुपंखी (एकावर एक दोन पंख असलेल्या) विमानाच्या वर माणसं उभी करून फिरवतात तो व्हिडिओ पाहिल्यापासून डोक्यातून जात नाहीये. जमेल का, की हा वेडेपणा आहे?

दोन्ही. जमेल, आणि वेडेपणाही आहे. मी केलंय, वयाच्या ५१व्या वर्षी. राजगडाच्या बालेकिल्ल्याच्या उभ्या वाटेवर मला दोन भाच्यांनी पुढून-मागून धरून वर नेलं होतं, आणि उतरताना मी चक्क बसून घसरत आले होते. तेव्हा भीतीच्या बाबतीत आपण एकाच गोत्रातले.

आधी एक गैरसमज काढते. याला विंगवॉकिंग म्हणतात खरं, पण ब्रिटनमध्ये आपण हौशी लोक त्यात चालत-बिलत काही नाही. वरच्या पंखाच्या मधोमध एक लोखंडी चौकट पक्की बसवलेली असते. विमान जमिनीवर असतानाच तुम्ही तिथे चढायचं, पाठ टेकायची, कमरेला आणि खांद्यांना पट्टे आवळून घ्यायचे आणि परत उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही. थोडक्यात, विठोबासारखं उभं राहायचं, फक्त कमरेवरचे हात सोडायचे. खरोखर चालायचंच असेल तर अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात सेक्विम नावाचं गाव आहे. तिथल्या मेसन विंगवॉकिंग अकॅडमीत आधी जमिनीवरच्या विमानावर कसून सराव करून घेतात आणि मग हवेत, सुरक्षेची केबल बांधलेली असताना, तुम्ही स्वतः कॉकपिटमधून निघून वरच्या पंखावर चढता. ते मी केलेलं नाही आणि करणारही नाही.

मी गेले ते रेंडकमला. ग्लॉस्टरशरमध्ये सायरनसेस्टरजवळ पहिल्या महायुद्धाच्या काळातलं गवताचं विमानतळ आहे, एरोसुपरबॅटिक्स ही विंगवॉकिंगवाली मंडळी तिथलीच. निमित्त झालं आमच्या शेजारणीचं. तिचे शेवटचे दिवस ज्या हॉस्पिसने (अखेरच्या आजारातल्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेने) सांभाळले, त्यासाठी पैसे जमवायचे होते. इथे ब्रिटनमध्ये ही रीतच आहे, कोणी मॅरेथॉन धावतं, कोणी डोकं भादरून घेतं आणि ओळखीचे लोक देणगी देतात. आमच्या ऑफिसातल्या लोकांनी हात सैल सोडला, तो बहुधा मला घाबरलेली बघायला मिळणार म्हणून.

विमान बोइंग स्टिअरमन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे नवशिके वैमानिक यावर शिकले. आठ हजारांहून जास्त बनवली होती. नवशिके आपटणारच हे धरून बांधलेलं, त्यामुळे हाडापेराने दणकट. मूळ इंजिन २२० अश्वशक्तीचं. विंगवॉकिंगवाल्यांनी तिथे ४५० अश्वशक्तीचं नऊ सिलिंडरचं प्रॅट अँड व्हिटनी बसवलेलं असतं. कारण सरळ आहे, वर उभा माणूस म्हणजे विमानाला लागलेला ब्रेक.

चढताना खालच्या पंखावर, विमानाच्या अंगालगत, खरखरीत काळा पट्टा असतो. पाय तेवढ्यावरच. पंख म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं रंगवलेलं कापड. पट्टा सोडून पाय पडला तर आरपार जाईल, असं आम्हाला तीनतीनदा बजावलं होतं. वर पोचल्यावर मी वाकून बोटाने हळूच टिचकी मारून पाहिली. डफावर मारल्यासारखा आवाज आला. आपण याच्यावर उभं राहणार आहोत, हा विचार तेव्हा पहिल्यांदा पोटात गेला. मग एका पोरसवदा मुलाने माझे पट्टे इतके आवळले की नऊवारीचा कासोटा त्यापुढे सैल वाटावा. इंजिन सुरू झालं, निळसर धुराचा लोट उठला, तेलाचा वास आला, आणि माझ्या टाचांपासून दातांपर्यंत सगळं थरथरायला लागलं. ती भीती नव्हती, इंजिनच होतं. निदान निम्मं तरी.

आता तुमच्या मुख्य शंकेबद्दल. उंचीची भीती वर वाटतच नाही. कड्यावर उभं राहिलं की पायापासून खाली जमिनीपर्यंत कडा दिसत असतो, नजर त्यावरून घसरत खाली जाते आणि गरगरतं. विमानातून जमीन दिसते ती नकाशासारखी, तिच्याशी आपला सांधाच तुटलेला असतो. मी मेंढ्या पाहिल्या, दगडी कुंपणं पाहिली, पिवळी शेतं पाहिली. राजगडावरची बाई कुठे गेली कोण जाणे.

तयारी ठेवायची ती वाऱ्याची. ही गोष्ट कोणत्याच व्हिडिओत कळत नाही, कारण व्हिडिओत सगळे हसत हात हलवत असतात. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. ताशी १५० किलोमीटरला सरळ उभ्या माणसावर हिशेबाने ७५ ते ८५ किलोचा रेटा येतो, म्हणजे एक धडधाकट माणूस सतत तुमच्या अंगावर रेलून उभा आहे असं समजा. वैमानिक सूर मारतो तेव्हा वेग आणखी वाढतो. तोंड उघडलं की गालांचे फुगे होतात. समोर बघून श्वास घ्यायला गेलं तर हवा नाकात शिरते पण आत ओढता येत नाही, मान जरा वळवून घ्यावा लागतो. नाक गळतं आणि ते कानाकडे जातं. (हे सांगायला कोणी नव्हतं, म्हणून सांगतेय.) आणि हात! मी हौसेने दोन्ही हात पसरले, ते वाऱ्याने मागे नेऊन ठेवले. परत पुढे आणताना मी अक्षरशः कण्हले, पण ऐकायला कोण होतं? पुढचे दोन दिवस खांदे दुखत होते. घरी आठवडाभर आधीपासून दंडाचा व्यायाम केलात तर पश्चात्ताप होणार नाही.

वैमानिकाशी बोलता येत नाही. तो मागच्या कॉकपिटमध्ये, तुम्ही त्याच्या पुढे आणि वर. सगळा कारभार हातांच्या खुणांवर, त्या जमिनीवर घोकून घेतात. नको वाटलं तर ठरलेली खूण करायची, तो खाली आणतो. मी एकदाही केली नाही, पण ती खूण माहीत आहे याचा आधार फार होता. दहाएक मिनिटांचा खेळ. नवऱ्याने काढलेल्या व्हिडिओत त्याचा अंगठा जास्त आणि विमान कमी आहे. साताऱ्याला आईला मी आधी काहीच सांगितलं नव्हतं. नंतर फोटो बघून ती म्हणाली, "अगं, आत बसायला जागा नव्हती का?" होती. पुढच्या कॉकपिटमधली सीट रिकामीच होती.

खरे चालणारे वेगळे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत कर्टिस जेनी ही शिकाऊ विमानं लष्कराने स्वस्तात काढून टाकली, ती घेऊन तरुण पोरं गावोगावी जत्रेत असावेत तसे खेळ करत फिरायची. ऑर्मर लॉकलिअर हा त्यातला बिनीचा. टेक्सासमध्ये लष्करी प्रशिक्षणात असतानाच, १९१८ साली, तो उडत्या विमानात कॉकपिटबाहेर निघून पंखावर जायला लागला. पुढे एका विमानावरून दुसऱ्यावर जायचा. पट्टा नाही, पॅराशूट नाही. जेनीच्या पंखांमध्ये धरायला खांब आणि तारा भरपूर होत्या, एवढाच आधार. दुसरं काहीतरी पक्कं धरल्याशिवाय हातातलं सोडायचं नाही, हा या लोकांचा पहिला नियम. लॉकलिअर २ ऑगस्ट १९२० रोजी सिनेमाच्या रात्रीच्या चित्रीकरणात विमान कोसळून गेला, तिशीही गाठली नव्हती. अटलांटिक एकट्याने ओलांडणारा लिंडबर्गसुद्धा सुरुवातीला पंखावर उभा राहून पोट भरत होता.

धोका लपवत नाही. २०१३ साली ओहायोत डेटनच्या एअर शोमध्ये जेन विकर आणि त्यांचे वैमानिक चार्ली श्वेंकर विमान कोसळून गेले. तो कसलेल्या कलाकारांचा खेळ होता, विमान जमिनीजवळ उलटं उडत होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये बोर्नमथच्या हवाई महोत्सवात एक स्टिअरमन पूलच्या खाडीत उतरवावं लागलं. विमान पाण्यात उलटलं, तरी वैमानिक आणि पंखावरची मुलगी दोघंही किरकोळ दुखापतींवर वाचली. पाहुण्याला घेऊन कोलांट्या मारत नाहीत, पण इंजिन ते इंजिनच, आणि विमान ऐंशी वर्षांचं. धोका समजला आहे अशा कागदावर तुमची सही घेतात. तो कागद वाचून सही करा. मी वाचला नव्हता. घरी आल्यावर वाचला.

वयाचं मनावर घेऊ नका. टॉम लॅकी नावाचे इंग्लिश आजोबा ९३व्या वर्षी विमानावर उभे राहिले होते. वजन मात्र बघतात, माझ्या वेळी मर्यादा ८० किलोच्या आसपास होती, आणि तिथे काट्यावर उभं करतात, लाजायचं नाही. हृदयाचा किंवा पाठीचा त्रास असेल तर आधीच कळवा. चष्मा खाली ठेवावा लागेल, वर गॉगल देतात. माझा नंबर दूरचा, म्हणून मी लेन्स लावल्या. लेन्स जमत नसतील तर मेंढ्या पुसट दिसतील, एवढंच. सोबतच्या बायकांपैकी कोणी उडणार असेल तर मंगळसूत्र, कानातलं, ओढणी सगळं खाली. त्या वाऱ्यात साधी दोरीसुद्धा चाबकासारखी बसते.

आणि तारीख. माझी पहिली वाऱ्यामुळे गेली, दुसरी खाली उतरलेल्या ढगांमुळे, तीही सगळे डबे बांधून तिथे पोचल्यावर. तिसऱ्या खेपेला चार तास गवतावर बसून नंबर लागला. तेव्हा मुलीकडे जाल त्याच्या पहिल्या आठवड्यातली तारीख घ्या, परतीच्या आदल्या दिवसाची नको.