लाटेकमध्ये (गणिती मजकूर छापण्याजोगा मांडणाऱ्या संगणक प्रणालीत) शेजारशेजारची वर्गमुळे खालीवर दिसतात, काय करावे?
ए, डी, वाय यांची वर्गमुळे ओळीने लिहिली की चिन्हे लहानमोठी होतात, कारण आतल्या अक्षराच्या उंची-खोलीनुसार चिन्ह ठरते. प्रत्येक मुळाच्या आत, अक्षराआधी 'मॅथस्ट्रट' ही आज्ञा घाला. ती कंसाएवढ्या उंचीचा, शून्य रुंदीचा अदृश्य खांब उभा करते आणि वरच्या रेघा एका पातळीत येतात.

√२ नंतर लगेच एक्स येत असेल, तर मध्ये उलटी तिरकी रेघ आणि स्वल्पविराम टाइप करा. एवढी बारीक जागा पुरते. ती नसली की मला तरी ते समीकरण बघवत नाही.

घनमुळाचा ३ चिन्हाला चिकटला, तर एएमएसमॅथ या लाटेकच्या जोड-पॅकेजमधल्या 'अपरूट' आणि 'लेफ्टरूट'ने सरकवा. पण हे फाँट पक्का झाल्यावरच करा, नाहीतर किती सरकवायचे ते आकडे पुन्हा जुळवावे लागतील.