शेततळं झालं, अनुदान कुठं अडलं?

या पंधरवड्यात आलेले बहुतेक प्रश्न शेततळ्याच्या अनुदानाचेच आहेत. त्यातले चार घेतो.

पोकलेन गावात आला होता, म्हणून तळं आधीच खोदून घेतलं. आता अर्ज केला तर चालेल का?

नाही चालणार, दादा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, निवड, कागदपत्रं, मग पूर्वसंमती, आणि त्यानंतरच पहिली बकेट. मोकळ्या रानाचा फोटो लागतो, तो आता आणणार कुठून? त्या तळ्याला अस्तरीकरणाचं, म्हणजे आत प्लास्टिकचा कागद अंथरण्याचं, अनुदान मिळतं का ते मात्र विचारा. तो घटक वेगळा आहे आणि त्याचा अर्जही वेगळा.

शेजाऱ्याला ५० हजार मिळाले होते, मला ७५ सांगतात. खरं काय?

दोन्ही खरं. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’मध्ये कमाल ५० हजार होते, २०२२ पासून ७५ हजार झाले. कमाल हा शब्द नीट वाचा. रक्कम तळ्याच्या आकाराप्रमाणे ठरते. खर्च त्याहून जास्त आला तर तो आपल्या खिशातून.

तळं ३० बाय ३० चं काढलं, तरी मोजणीत कमी भरलं. असं कसं?

टेप फक्त वर लावलात म्हणून. बाजूंना एकास एक उतार धरला तर वर ३० मीटर, तीन मीटर खोलीला तळाशी २४. असं तळं २,१९६ घनमीटर भरतं, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी. मशीनवाल्याला तासाचे पैसे, त्याला उताराचं काय! तो एक तर कडा सरळ उभ्या कापतो, नाही तर तळाकडं निमुळतं करत नेतो. उभी कड काळ्या रानात पहिल्या मोठ्या पावसात ढासळते आणि तळात गाळ साचतो. निमुळत्या तळ्यात तळाशी टेप टाकला की १८ मीटर निघतात. मशीन उभी असतानाच वर, तळाशी आणि खोली, तिन्ही मापं घ्या. ती परत गेली की दुरुस्तीला पुन्हा भाडं द्यावं लागतं.

अनुदान जमा झाल्याचं पोर्टलवर दिसतं, पण पासबुकात काहीच नाही.

पैसे बहुधा तुमच्याच दुसऱ्या खात्यात पडलेत. हे पैसे आधारवर जातात. अर्जात सोसायटीचं खातं लिहिलं असलं, तरी आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं तिथं जमा होतात. मागं कधी गावात शिबिरात अंगठा देऊन शून्य शिलकीचं खातं उघडलं होतं का, आठवून बघा. आमच्याकडं तीन चकरा मारलेल्या एका आजोबांचे पैसे अशाच विसरलेल्या खात्यात सापडले. माय आधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ बघितलं की कोणती बँक ते कळतं. मोबाइल आधारला जोडलेला हवा, ओटीपी त्यावरच येतो. आधी त्या बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या. तिथंही नोंद नसेल तर अर्ज क्रमांक घेऊन कार्यालयात या.