एक इंग्रजी शब्द, फ्रेंच पर्याय अनेक

प्रश्न : मी इंग्रजीतून फ्रेंचमध्ये भाषांतर करायला शिकत आहे. कोशात एकाच इंग्रजी शब्दापुढे चार-पाच फ्रेंच शब्द दिलेले असतात आणि पहिला उचलला की वाक्य बहुधा चुकते. योग्य शब्द कसा निवडावा?

उत्तर : ज्या शब्दांचे अर्थ उघडपणे निरनिराळे आहेत, ते फारसे फसवत नाहीत. ‘स्प्रिंग’ म्हणजे ऋतू असेल तर ‘प्रँताँ’, यंत्रातला भाग असेल तर ‘रसॉर’ आणि झरा असेल तर ‘सूर्स’. वाक्य वाचताच निवड होते. खरी फसगत होते ती आपल्याला एकाच अर्थाचे वाटणाऱ्या शब्दांत.

‘टु नो’ हे क्रियापद घ्या. एखादी गोष्ट घडली आहे हे माहीत असणे किंवा पोहता येणे यांसाठी फ्रेंचमध्ये ‘साव्वार’ येते, तर एखादी व्यक्ती किंवा शहर परिचयाचे असणे यासाठी ‘कॉनेत्र’. अर्थाबाबत शंका राहिली, तर व्याकरण मदतीला येते : क्रियापदानंतर ‘की’ने सुरू होणारे उपवाक्य किंवा दुसऱ्या क्रियापदाचे मूळ रूप येत असेल, तर ‘कॉनेत्र’ चालतच नाही. ‘टु लीव्ह’चेही तसेच आहे. ‘किते’ला आपण सोडतो त्या ठिकाणाचा किंवा माणसाचा उल्लेख कर्म म्हणून लागतो, नुसते ‘निघणे’ असेल तर ‘पार्तीर’ वापरतात आणि वस्तू मागे ठेवली असेल तर ‘लेसे’. म्हणून शब्द एकटा न शोधता तो त्याच्या कर्मासह शोधावा, असा माझा आग्रह आहे.

वाक्य आधी मनात मराठीत मांडून पाहणेही उपयोगी पडते. ‘टाइम’साठी आपणही ‘वेळ नाही’, ‘किती वाजले’ आणि ‘तीनदा’ असे वेगवेगळे बोलतो. फ्रेंचमध्ये तिथे अनुक्रमे ‘ताँ’, ‘अर’ आणि ‘फ्वा’ येतात. मात्र मराठीवर पूर्ण विसंबू नये. आपल्याला ‘नदी’ हा एकच शब्द पुरतो, पण फ्रेंच भूगोलात समुद्राला मिळणारी नदी ‘फ्लव’ आणि दुसऱ्या नदीला मिळणारी ‘रिव्हियेर’ असा भेद करतात. त्यामुळे सेन ही ‘फ्लव’ ठरते आणि तिला मिळणारी मार्न ‘रिव्हियेर’.

निवडलेला शब्द कोशाच्या फ्रेंच-इंग्रजी भागात उलट शोधावा आणि नंतर केवळ फ्रेंचमधल्या कोशात त्याची व्याख्या व उदाहरणे वाचावीत. ही उलटतपासणी कंटाळवाणी वाटली, तरी टाळू नये. चुकीचा पर्याय बहुतेक वेळा इथेच उघडा पडतो.

प्रश्न : ‘आय मिस यू’ याचे फ्रेंच वाक्य मला उलटे का वाटते?

उत्तर : कारण त्यात कर्त्याची जागा बदलते. ‘त्यू म मांक’ या वाक्यात जिची उणीव भासते ती व्यक्ती कर्ता असते आणि ज्याला ती भासते तो ‘मला’ या रूपात येतो. ‘मला तुझी आठवण येते’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला यातला ‘मला’ ओळखीचा वाटावा. गाडी चुकणे हा अर्थ असेल, तेव्हा मात्र हेच क्रियापद सरळ चालते : गाडी कर्म होते आणि प्रवासी कर्ता. बोलताना तिथे ‘राते’ हे क्रियापदही सर्रास वापरतात.